डाग द्या, पण पक्का!

दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या आपल्या पिढीला दोन वायरी धड जोडता येतात का? मला वाटायचं, त्यात काय एवढं! मग एका रात्री बेल वाजलीच नाही...

गेल्या पावसाळ्यात आजी बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर पहिला प्रश्न रात्रीचा. तिला उठायचं असेल तर कुणीतरी धरायला हवं आणि माझी झोप म्हणजे कुंभकर्णाशी कॉम्पिटिशन. शेवटी एक वायरलेस डोअरबेल आणली. बेल माझ्या उशाशी, बटण आजीच्या हाताशी. आयडिया सॉलिड होती, फक्त ते बटण एवढंसं आणि कडक. संधिवाताच्या बोटांना ते काही दाबता येईना.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. दुकानातून चांगलं लिंबाएवढं लाल बटण आणलं. डोअरबेलचं रिमोट उघडलं, आतल्या छोट्या स्विचच्या दोन पायांना दोन वायरी जोडायच्या आणि त्या मोठ्या बटणाला न्यायच्या, बस्स. कॉलेजात असताना घेतलेली सोल्डरिंग आयर्न माळ्यावरून काढली. टोकावर सोल्डर वितळवलं, तो थेंब वायरीवर नेऊन टेकवला. छान चकचकीत गोळा बसला. सहा वेळा बटण दाबून बघितलं, सहाही वेळा बेल वाजली. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. सत्तावीस अंगठे!

दोन रात्री सगळं झक्कास. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठलो तर आजी पलंगाच्या काठावर बसलेली, एक हात भिंतीला टेकवून. कोपर खरचटलेलं. रात्री दोनला तिने बटण दाबलं होतं. मग पुन्हा. मग पुन्हा. बेल वाजलीच नव्हती. तिला वाटलं, मी दमून झोपलोय. हाक मारली नाही, कारण ‘तुला सकाळी ऑफिस असतं ना.’ एकटीने उठायचा प्रयत्न केला, तोल गेला, कशीबशी पलंग धरून परत बसली आणि चार तास तशीच बसून राहिली.

त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली.

### ‘सॉफ्टवेअर? तरीच!’

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही अडलं की माणूस बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जातो, मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातात तसा. तिथल्या एका चिंचोळ्या दुकानात एक काका भिंगाचा दिवा लावून बसलेले असतात. मी रिमोट पुढे ठेवलं. त्यांनी चिमट्याने माझ्या त्या चकचकीत गोळ्याला जरासं ढोसलं. गोळा वायरीसकट टपकन सुटून आला. स्विचचा पाय खाली जसाच्या तसा, कोरा करकरीत.

‘हे कुणी केलंय?’

‘मीच.’

‘इंजिनिअर का?’

‘हो. सॉफ्टवेअर.’

‘तरीच!’

मग ते जे म्हणाले, ते मी घरी येऊन टेबलावर चिकटवून ठेवलंय: ‘सोल्डर तापवायचं नसतं हो. काम तापवायचं असतं. काम तापलं की सोल्डर आपोआप जातं.’

पुढची वीस मिनिटं त्यांनी मला फुकट क्लास दिला. त्यानंतर दोन महिने मी जुन्या चार्जरच्या वायरी कापून प्रॅक्टिस केली. त्यातलं जे शिकलो, ते तुमच्यासाठी. कारण हेडफोनची तुटलेली वायर असो की मुलांच्या खेळण्यातली बॅटरीची पट्टी, निम्म्या वस्तू आपण एका डागासाठी फेकून देतो.

### फंडा काय आहे?

पहिली गोष्ट, सोल्डर म्हणजे फेव्हिकॉल नव्हे. ते दोन वस्तूंच्या मध्ये नुसतं सुकून बसत नाही. वितळलेलं कथील तापलेल्या तांब्यावर पसरतं, तांब्याशी त्याची अक्षरशः सोयरीक होते आणि दोघांच्या मध्ये कथील-तांब्याच्या संयुगाचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो थर म्हणजेच खरा जोड. तांबं पुरेसं तापलेलं नसेल किंवा त्यावर काळपट ऑक्साइड चढलेलं असेल, तर ही सोयरीक होतच नाही. सोल्डर वरच्या वर गोल होऊन बसतं. अळवावरचं पाणी! दिसायला मोत्यासारखं, हलवलं की घरंगळून गेलं. यालाच कोल्ड जॉइंट म्हणतात. तो सुरुवातीला चालतोसुद्धा, कारण धातूला धातू टेकलेला असतो. मग वायर जरा हलते, आणि रात्री दोन वाजता बेल वाजत नाही.

आपल्याकडे ही विद्या काही नवी नाही. आठवतोय का गल्लीत येणारा कल्हईवाला? भांडं तापवायचा, नवसागर भुरभुरायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथील फिरवून कापसाने पुसलं की भांडं आतून चंदेरी. पितळेवर कथील पसरायचं तर पितळ गरम आणि स्वच्छ हवं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नवसागर तेच करायचा, ऑक्साइड साफ. सोल्डरिंगमध्ये या साफ करणाऱ्या पदार्थाला म्हणतात फ्लक्स.

सोनारही तेच करतो. साखळी तुटली की टाकणखार लावून तो डाग देतो. तिथे फ्लक्स म्हणजे टाकणखार. फक्त त्याचा डाग सोन्या-चांदीच्या मिश्रणाचा आणि खूप जास्त तापमानाचा. जोडणारा धातू ४५० अंश सेल्सिअसच्या खाली वितळत असेल तर ते सोल्डरिंग, वर असेल तर ब्रेझिंग, असा ढोबळ नियम आहे. सोनाराचं काम खरं म्हणजे ब्रेझिंगमध्ये मोडतं. वेल्डिंग वेगळंच. त्यात जोडायचे तुकडे स्वतःच वितळतात. आपल्या सोल्डरिंगमध्ये तांबं वितळत नाही. ते वितळायला १०८५ अंश लागतात!

### शॉपिंगला चला

आयर्न : वायरी आणि छोट्या सर्किटसाठी २५ वॅटची साधी आयर्न पुरते. ती काहीशे रुपयांत मिळते. शौक वाढला तर तापमान सेट करता येणारं स्टेशन घ्या. टोक अगदी सुईसारखं घेऊ नका, छिन्नीसारखं चपटं घ्या. चपट्या टोकातून उष्णता पटकन जाते. आणि हो, टोक कानशीने घासू नका. आतलं तांबं आहे आणि वर लोखंडाचा पातळ मुलामा. तो गेला की सोल्डर तांबं खात सुटतं आणि टोकाची वाट लागते.

सोल्डर वायर : बाजारात दोन जाती आहेत. एक कथील-शिशाची. तिच्यात ६०/४० म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. त्याहून सरस ६३/३७, कारण ती बरोबर १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, मधली चिखलासारखी अवस्थाच नाही. १८३ म्हणजे किती? भजी तळायचं तेल साधारण एवढंच तापलेलं असतं. दुसरी जात शिसंमुक्त, मुख्यतः कथील आणि जोडीला थोडं तांबं किंवा चांदी. ती २१७ ते २२७ अंशांच्या दरम्यान वितळते. युरोपने २००६ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणले, त्यानंतर जगभरचे कारखाने हिच्याकडे वळले. नवशिक्या हाताला शिशाची वायर सोपी जाते, पण घरात लहान मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर शिसंमुक्तच घ्या. आजीच्या घरात मी तेच केलं. जाडी ०.८ किंवा १ मिलिमीटर.

फ्लक्स : वायरीच्या पोटातच रोझिन भरलेलं असतं. रोझिन म्हणजे पाइनच्या झाडाची राळ. व्हायोलिनवाले गजाला घासतात तीच. जुन्या काळवंडलेल्या वायरीसाठी रोझिनची एक छोटी डबी वेगळी घेऊन ठेवा. नळकामवाल्यांचं ॲसिड फ्लक्स मात्र सर्किटला कधीही लावू नका. आज जोड होईल, पण मागे राहिलेलं ॲसिड पुढे तांबं खाऊन टाकेल.

बाकी : स्प्रिंगचा स्टँड, टोक पुसायला पितळी तारांची जाळी किंवा ओला स्पंज, वायर सोलायचं स्ट्रिपर, चिमटा, चुकलेलं सोल्डर ओढून घ्यायला सकर, जोडावर चढवायला हीट श्रिंक नळी आणि एक साधा मल्टिमीटर. यातला स्टँड अजिबात ऑप्शनल नाही. का, ते पुढे सांगतो.

### आता हात गरम करा

१. आधी साफसफाई. वायरीचं तांबं काळपट असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून लख्ख करा. मी हे केलंच नव्हतं. माझी वायर दहा वर्षं माळ्यावर पडलेली होती.

२. टोकाला कल्हई करा. आयर्न तापली की टोकावर जरासं सोल्डर वितळवून पुसून घ्या. टोक चंदेरी दिसलं पाहिजे. काळं टोक कितीही गरम असलं तरी उष्णता पुढे देत नाही.

३. वायरीलाही कल्हई करा. सोललेल्या तारा पिळून घ्या, खालून आयर्न टेकवा, वरून सोल्डर लावा. ते तारांच्या मध्ये दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं शोषलं जातं. जोडायच्या दोन्ही टोकांना हे करून घ्या. वर हीट श्रिंक नळी चढवायची असेल तर ती आत्ताच वायरीत ओवून, जोडापासून लांब सरकवून ठेवा. मी तीनदा विसरलो आणि तीनदा जोड सोडवला.

४. आधी अडकवा, मग डाग द्या. शक्य असेल तिथे वायर आकड्यासारखी वाकवून पायात अडकवा. ताण वायरीने सोसावा, सोल्डरने नव्हे. सोल्डर स्वभावाने मऊ आहे.

५. काम तापवा. आयर्नचं टोक एकाच वेळी पाय आणि वायर दोघांनाही टेकवा. मनात ‘एक, दोन’ म्हणा. आता सोल्डर आयर्नला नव्हे, तर समोरच्या बाजूने जोडाला लावा. काम पुरेसं तापलं असेल तर ते सर्रकन पसरेल. हा क्षण पहिल्यांदा दिसला ना, की कळतं काका काय म्हणत होते ते.

६. आधी सोल्डर उचला, मग आयर्न. सगळं मिळून तीन-चार सेकंदांचा खेळ. जास्त वेळ टेकवून ठेवलंत तर सर्किटवरची तांब्याची पट्टी उखडते, प्लास्टिक वितळतं.

७. हलवू नका. घट्ट होईपर्यंत दोन सेकंद गप्प बसा. फुंकरही मारू नका. अर्धवट घट्ट होताना हललेला जोड आतून भेगाळतो.

आणि एक पथ्य, टोकावर सोल्डर घेऊन ते कामावर ‘ओतायला’ जाऊ नका. रोझिन वाटेतच जळून जातं आणि उरतो तो नुसता गोळा. माझं नेमकं हेच चुकलं होतं.

### पास की नापास?

चांगला जोड डोंगराच्या पायथ्यासारखा दिसतो, कडेला पातळ होत होत जमिनीला मिळालेला. वायरीचा आकार सोल्डरखालूनही कळतो. वाईट जोड गोटीसारखा दिसतो, कडेला घडी पडलेली. शिशाच्या सोल्डरचा चांगला जोड चकाकतो. शिसंमुक्तचा मुळातच जरा मंद दिसतो, त्यामुळे नुसत्या चकाकीवर भाळू नका. माझा गोळा तर आरशासारखा होता!

बघून झालं की ओढून बघा. वायरीला हलकेच हिसका द्या, तिला हलवत हलवत मल्टिमीटरची बीप ऐका. बीप तुटली तर जोड नापास. सहा वेळा बटण दाबून बघणं म्हणजे टेस्टिंग नव्हे. हे एका सॉफ्टवेअरवाल्याला कुणीतरी सांगावं लागलं, हा भाग वेगळा.

### सेफ्टी फर्स्ट, बॉस!

पडणारी आयर्न पकडू नका. टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं. माझी टेबलावरून घरंगळली आणि क्रिकेटच्या सवयीने मी कॅच घेतला. तळव्यावरची खूण अजून आहे. पडू द्या, फरशी सोसेल. म्हणून तो स्टँड! भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. फोड मोठा असेल तर डॉक्टर गाठा.

धूर नाकात नको. वर येतो तो धूर शिशाचा नसतो. शिसं उकळायला १७०० अंशांहून जास्त लागतात. तो रोझिनचा धूर. पण म्हणून तो निरुपद्रवी नाही. वारंवार नाकात गेला तर दमा लागू शकतो. खिडकी उघडा, कामावर वाकून डोकं घालू नका आणि छोटा पंखा असा ठेवा की तो धूर तुमच्यापासून लांब ओढेल. ज्यांना आधीच दमा आहे त्यांनी हा छंद डॉक्टरांना विचारूनच करावा.

शिसं हातावाटे पोटात जातं. खरा धोका इथे आहे. सोल्डरची वायर दातात धरायची नाही. टेबलावर चहा, वडापाव, चिवडा काही नाही. काम झालं की साबणाने हात स्वच्छ धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार घातक असतं, त्यामुळे पडलेले थेंब झाडून गोळा करा आणि ई-कचऱ्यात द्या.

डोळे आणि कपडे. कापलेल्या वायरीचा तुकडा टणकन उडतो, फ्लक्सचे शिंतोडेही उडतात. साधा गॉगल घाला. कपडे सुती. सिंथेटिक टी-शर्ट गरम थेंबाने वितळून कातडीला चिकटतो.

प्लग काढा. चालू वस्तूवर कधीही काम नाही. टीव्ही किंवा अडॅप्टरच्या आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात. मायक्रोवेव्ह तर उघडूच नका, तो जीव घेऊ शकतो. मोबाइल किंवा पॉवर बँकच्या लिथियम बॅटरीला आयर्न टेकवू नका, ती पेट घेऊ शकते. सुरुवात दोन-तीन सेलवर चालणाऱ्या वस्तूंपासून करा.

स्वयंपाकघर आणि दागिने वर्ज्य. खाण्यापिण्याच्या भांड्याला इलेक्ट्रॉनिक्सचं सोल्डर लावायचं नाही. कल्हईसुद्धा शुद्ध कथलाचीच हवी. चांदीच्या पैंजणालाही लावू नका. नंतर सोनाराने ते तापवलं की शिसं चांदीत शिरून खड्डे पाडतं. ज्याचं काम त्याने करावं. त्याच्याही कामात धोके आहेतच. एकेकाळी गाजलेल्या ‘केडीएम’ दागिन्यांच्या डागात कॅडमियम असायचं आणि त्याच्या वाफेने कारागिरांची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बिघडायची.

### रात्री अडीचची बेल

दोन महिन्यांच्या प्रॅक्टिसनंतर मी ते लाल बटण पुन्हा जोडलं. मधल्या काळात मी आजीच्या खोलीत गादी टाकून झोपत होतो. या वेळी वायर घासली, कल्हई केली, आकडा करून अडकवली, काम तापवलं. सोल्डर सर्रकन पसरलं. वर हीट श्रिंक चढवली. मग रिमोट पलंगाच्या दांडीला बांधलं, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण जोडावर येणार नाही. शंभर वेळा बटण दाबलं, वायर हलवत हलवत. फोटो काढला नाही.

शिवाय आजीच्या उशाशी एक स्टीलची वाटी आणि चमचाही ठेवला. बेल वाजली नाही तर बडव म्हटलं. काका म्हणालेच होते, ‘ज्याच्यावर माणूस विसंबून आहे, त्याला दुसरा मार्ग ठेवावा.’

आजीला मात्र पटवणं सोपं नव्हतं. पहिले काही दिवस ती बेल दाबायचीच नाही. ‘वाजते की नाही कुणास ठाऊक,’ असं आईला म्हणाली. माझ्यासमोर नाही म्हणाली. तुटलेली वायर तीन सेकंदांत जोडली जाते, पण गेलेला विश्वास परत यायला जरा वेळ लागतो.

मग एका रात्री अडीचला बेल वाजली. मी धडपडत खोलीत गेलो. आजी आरामात पडलेली होती.

‘काय झालं आजी? उठायचंय?’

‘नाही रे. वाजते का बघितलं.’